नांगर विकायला निघालेलं मासिक

आज अंबडच्या आणि आसपासच्या गावांतल्या गटांशी बोलायचंय ते पाकिटावरच्या मजकुराबद्दल. मसाला आपण कुटतो, नागलीचे पापड आपण लाटतो. पण पाकिटावर काय छापायचं ते ठरवतो छापखान्यातला माणूस. मग सगळ्या गटांच्या पाकिटांवर एकच ओळ येते, ‘उत्कृष्ट दर्जाचा शुद्ध व स्वादिष्ट’. आपल्यापैकी कोण असं बोलतं? सून सासूला म्हणते का, ‘आजची आमटी स्वादिष्ट आहे’?

माल विकण्यासाठी घरच्यासारखं लिहावं, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच एका कारखान्यानं करून दाखवलंय.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण घ्यायला कुणी तयार होईना. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यांना हसू नका. ज्याचं सगळं पोट एका जमिनीवर, तो नव्या वस्तूला भिणारच. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला. तिथं 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकार होते, आणि कारखान्याच्या जाहिरातीचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी 1920 मध्ये एक छोटं मासिक काढलं, ‘किर्लोस्कर खबर’. नावच बघा. पत्रिका नाही, वृत्त नाही, खबर! पारावर बसलेला माणूस जे विचारतो तेच. हेतू उघड होता, कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत जावी.

आता तो काळ आठवा. 1921 च्या जनगणनेत देशात शंभरातल्या सात-आठ जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. म्हणजे गावात छापील कागद आला, की एकानं वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. जे मोठ्यानं वाचताना अडखळतं, ते अशा ठिकाणी फुकट जातं. आणि शेतकऱ्याला कारखान्याची थोरवी ऐकायची नसते. किती बैल लागतील? आमच्या काळ्या रानात चालेल का? फाळ झिजला तर नवा कुठं मिळेल? या प्रश्नांना जे उत्तर देतं, ते तो ऐकतो. बोलण्यासारखं लिहायचं म्हणजे गावंढळ शब्द घालायचे असं नव्हे. समोरच्याच्या मनात पुढचा प्रश्न कोणता येईल ते ओळखून लिहायचं.

तरी नुसत्या लिहिण्यानं नांगर खपला असं मी म्हणणार नाही. नांगर खराब असता तर शब्दांनी काय केलं असतं?

पण गंमत अशी, की जाहिरातीसाठी निघालेला हा कागद लोकांना वाचायलाच आवडू लागला. 1929 मध्ये नावातली ‘खबर’ गळली आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. 1930 मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ मासिक निघालं. त्याच ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी 1989 मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. नांगराच्या जाहिरातीपासून निघालेली वाट बायकांच्या हक्काच्या कागदापर्यंत आली, याचं मला अजून नवल वाटतं.

याच रांगेत मी कमलाबाई ओगल्यांना बसवते. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि घरोघरी पोचलं. मापं कसली, तर वाटी आणि चमचा. ग्रॅम नि तराजू स्वयंपाकघरात कुठून आणायचा? शिकलेल्यांना सुचलं नाही ते त्यांना सुचलं, कारण त्या ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईशी बोलत होत्या.

या इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि ती काही चांगली नाही. जुनी वर्तमानपत्रं उघडली तर हमखास गुण देणाऱ्या औषधांच्या जाहिराती ढिगानं सापडतात. त्यांची भाषाही गोडच असे. शेवटी 1954 मध्ये कायदा करावा लागला. मधुमेहासारखे आजार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायला त्यानं बंदी घातली. तेव्हा ‘आमच्या नागलीच्या पापडानं शुगर जाते’ असं कुणी पाकिटावर छापायला सांगितलं, तर गोड बोलून नाही म्हणा. आणि भाषा कितीही घरगुती असली, तरी वजन, तारीख, हिरवी खूण आणि अन्न परवान्याचा नंबर पाकिटावर लागतोच.

मग काळ्या मसाल्याच्या पाकिटावर काय लिहाल? मी लिहीन, ‘तिखट आहे, आधी एकच चमचा घाला. मटणाला अर्धा जास्त. डबा घट्ट लावा, नाहीतर वास उडतो.’ या तीन ओळी कुठल्या कंपनीला सुचणार नाहीत, कारण तो मसाला त्यांनी कुटलेला नाही.

आणि हे काम आपल्या मालापुरतंच कशाला ठेवायचं? अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लहान वर्कशॉपवाले आहेत, डबे पुरवणारे आहेत, पिठाची गिरणी आहे. त्यांना पाटी हवी असते, पत्रक हवं असतं, मोबाईलवर पाठवायला चार ओळी हव्या असतात. गटातली एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी हे घरी बसून लिहून देऊ शकते. एवढं मात्र करा, पैसे किती ते लिहायच्या आधी ठरवा. ‘चार ओळीच तर आहेत’ असं ऐकवणारे खूप भेटतात. नांगराचा फाळही चार बोटांचाच असतो, पण त्याचे पैसे कुणी बुडवत नाही. लिहून झालं की तो कागद गटात मोठ्यानं वाचून दाखवायचा. जिथं वाचणारी अडखळेल, तिथं शब्द बदलायचा.