थापेच्या शब्दाचा कैवार

स्क्रॅबलमध्ये शब्दकोशात नसलेला शब्द जाणूनबुजून लावणे ही लबाडी, असे पुष्कळ घरांत मानतात. आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. शब्द खोटा असल्याचे लावणाऱ्याला ठाऊक असते आणि तरी तो खऱ्याच्या ऐटीत पुढे करतो. हे असत्य नव्हे तर काय?

पण शब्द लावणे म्हणजे त्याची ग्वाही देणे, हे इथे परस्पर गृहीत धरले आहे. नियमांनी शहानिशेचे काम प्रतिस्पर्ध्याकडे दिले आहे. त्याने चॅलेंज केले आणि शब्द चुकीचा निघाला, तर टाइल उचलायच्या आणि पाळी घालवायची. शब्द बरोबर निघाला, तर उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांत चॅलेंज करणाऱ्याचीच पाळी जाते. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याला शब्दामागे ५ गुणांचा भुर्दंड पडतो. साहजिकच थाप पहिल्या पद्धतीत जास्त पचते, दुसरीत कमी. म्हणजे नियम करणाऱ्यांनी थापेचा चक्क भाव ठरवला आहे. गुन्ह्याचा भाव ठरवत नाहीत. २०१२ साली ऑरलँडोच्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत एका खेळाडूने कोऱ्या टाइल लपवल्या, तेव्हा त्याची पाळी गेली नाही. त्यालाच बाहेर काढले.

शिवाय ‘जाणूनबुजून’ हे ठरवणार कोण? इंग्रजी स्पर्धांच्या कॉलिन्स यादीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत आणि खेळाडूला साऱ्या डावासाठी २५ मिनिटे. कितीतरी शब्द अर्धवट आठवणीवरच पडतात. तोच चुकीचा शब्द अडाण्याने लावला तर निष्पाप आणि जाणत्याने लावला तर चोर, असा हा न्याय आहे! विद्वत्तेला इतकी शिक्षा बरी नव्हे.

खरी लबाडी वेगळी. पिशवीत हात घालून बोटांनी कोरी टाइल चाचपणाऱ्याला चॅलेंज कसे करणार? समोरच्याच्या हाती उपायच उरत नाही. म्हणून तर स्पर्धांत अक्षर बोटाला लागणार नाही अशा गुळगुळीत टाइल वापरतात आणि पिशवी उंच धरायला लावतात. ‘आहे का रे हा शब्द?’ असे विचारल्यावर ‘हो’ म्हणणाऱ्याचीही वकिली मी करणार नाही. तिथे ग्वाही दिली गेली.

याच कसोटीवर आठ वर्षांच्या भाचीपुढे मात्र थाप गैर ठरते, कारण चॅलेंज करण्याइतके शब्दच तिच्यापाशी नसतात. तिच्यापुरते चॅलेंज फुकट करावे. ब्रिटनमधल्या स्पर्धांत मोठ्यांनाही ते अनेक वर्षे फुकटच होते.