‘रूट सापडत नाही’: एका एररचा छोटा इतिहास

मागच्या वर्षी आमच्या लॅबमधला कॉम्प्युटर कर्नल अपडेटनंतर सुरूच होईना. स्क्रीनवर कर्नल पॅनिक, आणि खाली ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’. माझं सात महिन्यांचं सिम्युलेशन त्याच डिस्कवर होतं, बॅकअप अर्धवट. ‘फॉरमॅट मार, नवीन टाक’ हा सल्ला लगेच मिळाला. तो ऐकला नाही, कारण हा एरर वाचता येतो. फक्त त्यासाठी थोडा इतिहास माहीत हवा.

१९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स आणलं, तेव्हा मामला सोपा होता. ज्या पार्टिशनवर सिस्टिम आहे ते म्हणजे रूट डिव्हाइस. त्याचा नंबर कर्नलच्या इमेजमध्येच लिहिलेला असे आणि डिस्कचा ड्रायव्हरही कर्नलमध्येच असे.

पुढे डिस्क कंट्रोलरचे प्रकार वाढले. सगळे ड्रायव्हर आत भरले तर कर्नल फुगतो. मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवले तर ते डिस्कवर राहतात, आणि डिस्क वाचायलाच ड्रायव्हर हवा. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच! १९९६ च्या सुमारास वर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांच्या कामातून ‘इनिटआरडी’ आलं. बूटलोडर कर्नलसोबत एक छोटी फाइल सिस्टिम मेमरीत आणतो, तिच्यातून ड्रायव्हर लोड होतो आणि मग खरं रूट माउंट होतं. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलमध्ये याचंच सुटसुटीत रूप होतं, ते ‘इनिटरॅमएफएस’.

मग नावांचा घोळ झाला. २००६-०७ च्या आसपास ड्रायव्हर बदलले आणि ‘एचडीए’ नावाच्या डिस्क ‘एसडीए’ झाल्या. नाव बदललं की बूट बंद. म्हणून वितरणांनी नावाऐवजी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी वापरायला सुरुवात केली. पण गंमत अशी की हा यूयूआयडी कर्नलला स्वतःला कळत नाही. तो शोधण्याचं काम इनिटरॅमएफएस करतं.

इथेच माझं उत्तर होतं. (०,०) म्हणजे कर्नलला रूटचा डिव्हाइस नंबरच मिळाला नव्हता, अर्थात इनिटरॅमएफएस लोडच झालं नसावं. ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडला, मशीन सुरू झालं. पाहिलं तर बूट पार्टिशन गच्च भरलेलं, त्यामुळे नव्या कर्नलचं इनिटरॅमएफएस बनलंच नव्हतं. दोन जुने कर्नल काढले, ते नव्याने बनवलं, ग्रब अपडेट केलं. डेटा जागच्या जागी.

याउलट तुम्हाला इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट दिसला, तर ते लोड झालंय पण त्याला रूट मिळत नाहीये. तेव्हा यूयूआयडी, केबल आणि ड्रायव्हर तपासा.

संशोधनातही हेच करायचं असतं. आधी विचारायचं, गाडी कुठल्या टप्प्यापर्यंत नीट आली होती? फॉरमॅट सगळ्यात शेवटी. आणि हो, बॅकअप आजच घ्या.