शोध लागला की लावला? कर्मरकरांच्या अल्गोरिदमची गोष्ट

संगणकशास्त्राला स्वतःचे नियम आहेत, की ती केवळ यंत्रे राबवण्याची कारागिरी? हा वाद एकदा थेट पेटंटपर्यंत पोहोचला आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी नाव होते : नरेंद्र कर्मरकर. जन्म ग्वाल्हेरचा, १९७८ची पदवी आयआयटी मुंबईची, पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा.

मूळ प्रश्न आमच्या कुंभार पिंपळगावच्या शिवारातही सापडेल. अनेक गावांत ऊस उभा आहे, वाहने मोजकी, प्रत्येक कारखान्याची गाळपक्षमता ठरलेली. कोणता ऊस कोठे धाडल्यास वाहतूक सर्वांत स्वस्त पडेल? गणितात यास रेषीय प्रायोजन म्हणतात. १९४७मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी त्यासाठी सिम्प्लेक्स पद्धत दिली. १९७२मध्ये क्ली आणि मिंटी यांनी अशी कोडी रचली, की एकेक चल वाढताच तिच्या पायऱ्या दुप्पट व्हाव्यात. १९७९मध्ये खाचियान यांनी या स्फोटातून वाट काढली. पण ती वाट व्यवहारात फार संथ.

१९८४मध्ये कर्मरकरांनी सिद्धान्तात टिकणारी आणि व्यवहारातही चालणारी रीत मांडली. १९८८मध्ये एटी अँड टी कंपनीने तिचे पेटंट मिळवले व गणितज्ञ संतापले. कारण निसर्गनियम कोणाच्या मालकीचा नसतो. १९७२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर एका अल्गोरिदमला पेटंट नाकारले होते. मराठीत 'शोध' हा एकच शब्द गुरुत्वाकर्षणालाही चालतो आणि वाफेच्या इंजिनालाही. कायद्याला तसे भागत नाही.

पुढे उजेडात आले, की सोव्हिएत गणितज्ञ दिकिन यांनी १९६७मध्येच या रीतीचे जवळचे, अधिक साधे रूप प्रसिद्ध केले होते. दोन अनोळखी माणसे, दोन परस्परविरोधी राजवटी आणि जवळपास एकच वाट! माझ्या मते हा 'लागलेला' शोध आहे. कर्मरकरांचे श्रेय त्याने उणे होत नाही.

याहून बळकट पुरावा सिम्प्लेक्सचाच. क्ली-मिंटींची कोडी खरी. तरीही प्रत्यक्ष कामात ती पद्धत दशकानुदशके झपाट्याने उत्तरे देत राहिली. असे का, हे कोणालाच समाधानकारकपणे सांगता येईना. अखेर २००१मध्ये स्पीलमन आणि टेंग यांनी उलगडा केला : आकड्यांत किंचित यादृच्छिक हेलकावा आला, की ती वाईट कोडी सहसा मोडून पडतात. आधी निरीक्षण, मग अर्धशतकाने कारण. ग्रहांच्या कक्षांबाबत केप्लर आणि न्यूटन यांच्यात घडले तेही असेच.