सांगणं आणि कळणं : एचआयव्हीच्या कलंकाचं मोजमाप

एचआयव्हीचा इतिहास सांगायला बसलं की आपण तारखा सांगतो. १९८६ मध्ये भारतात पहिली नोंद, १९९२ मध्ये नॅको, १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी. हा झाला विषाणूचा आणि औषधाचा इतिहास. हा आजार असलेला माणूस कुणाला काय सांगतो, आणि न सांगताना त्याच्या मनाचं काय होतं, हे मोजायला त्यामानाने उशीरच झाला.

अमेरिकेत बार्बरा बर्जर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ४० विधानांची एक कलंक-मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचे चार भाग. प्रत्यक्ष भोगलेला दुरावा, आजार उघड होण्याची काळजी, स्वतःबद्दलचं हीन मत आणि लोक काय म्हणतील याचा धसका. पुढे २००८ मध्ये दक्षिण भारतातला एक अभ्यास आला, २२९ जणांच्या पाहणीचा. त्यातली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. थेट भेदभाव सोसलेले लोक तुलनेने कमी होते. पण 'अमक्याला घराबाहेर काढलं', 'तमकीचं ताट वेगळं केलं' असे दुसऱ्यांचे किस्से ऐकूनच माणसं गप्प बसत होती. आणि आजार लपवण्याची ही धडपड नैराश्याशी जोडलेली दिसली. आधी काय आणि मागून काय, हे एकाच वेळच्या पाहणीतून ठरत नाही. नातं मात्र दिसतं.

आता आपल्या सोलापुरात या. इथं कितीतरी घरांत काम आणि संसार एकाच छपराखाली. पुढं माग, मागं चूल. किंवा दारात बसून विड्या वळणाऱ्या बायका. अशा घरात रोजच्या गोळीची बाटली ठेवायची कुठं? एआरटी केंद्राच्या रांगेत शेजारची बाई भेटली तर? म्हणून काही जण जवळचं केंद्र सोडून लांबचं गाठतात. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, ही त्या मौनाची किंमत.

मराठीत दोन क्रियापदं आहेत, 'सांगणं' आणि 'कळणं'. प्रश्नावलीत विचारतात, तुमच्या आजाराबद्दल किती जणांना माहीत आहे? समजा, दोघांचंही उत्तर पाच. एकीनं पाच जणांना विश्वासानं सांगितलं. दुसरीचं पाच जणांना कुठून तरी कळलं. आकडा एकच, पण जगणं दोन टोकांचं. पंढरपुरात मंगलताई शहा यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी 'पालवी' उभी केली. तिथं मुलांना मायेचं घर मिळालं. पण अशा घराचा पत्ताच पुष्कळ काही सांगून टाकतो. पुढं शाळेत, नोकरीत, लग्नात काय सांगायचं, हे त्या मुलांच्या हातात राहायला हवं.

कायद्याला हा फरक हळूहळू उमगला. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एका रोजंदारी कामगाराचा खटला 'एमएक्स' या नावानं चालला. काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला, आणि न्याय मागण्यासाठी त्याला नाव उघड करावं लागलं नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय दुसऱ्याची स्थिती उघड करायला त्यानं बंदी घातली, न्यायालयात ओळख झाकण्याची सोयही केली. इतकंच काय, जोडीदाराला सांगण्याची तरतूद आहे, तिथंही बाईला मारहाणीची किंवा टाकून दिलं जाण्याची भीती असेल तर सांगायला मनाई केली आहे.

तेव्हा आपल्याकडे पाहणी करणाऱ्यांना आमची एक सूचना आहे. 'किती जणांना माहीत आहे' याच्या पुढं दोन रकाने जोडा. कुणी सांगितलं, आणि कुणाच्या मर्जीनं? जास्त जणांना सांगितलं म्हणजे माणूस सुखी, असं सरसकट मानू नका. सासरी न सांगता मैत्रिणीला सांगणारी बाई भित्री नसते. तिनं हिशेब केलेला असतो, आणि मोजायचा आहे तो तिचा हिशेब.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.