दारूखाना

"गुरुजी, दारूखाना म्हणजे गुत्ताच ना?" कफ परेडच्या मच्छीमार नगरातला एक मुलगा वर्गात विचारता झाला. त्याचे वडील रे रोडजवळच्या दारूखान्यातून होडीसाठी जुने सामान आणीत. वर्ग हसला. अरे, ही प्यायची नव्हे, तोफेची दारू!

मग मी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र सांगितले. दारूखाना घराजवळ नसावा, घराच्या वाऱ्याखाली तर नसावाच. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण घालावे. आत तळघर, त्यात माचावर दारूची मडकी. आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारूला ऊन दाखवून पुन्हा मोहोर करावी. परवानगीवाचून कोणी फिरकू नये. स्फोटकांचा कायदा १८८४ साली झाला. पण वारा कुठून वाहतो हे पाहणारा हा कारभारी मला अधिक शहाणा वाटतो.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. दुपारी कापूस धुमसू लागला. चार वाजून गेल्यावर जहाज उडाले. आग विझवायला गेलेले ६६ जवान परतले नाहीत.

मुलगा हळूच म्हणाला, "आमच्या पडवीत डिझेलचे डबे आहेत, जाळ्यांच्या शेजारी. फटाकेही तिथेच ठेवलेत."

दिवाळी चार दिवसांवर होती. शाळा सुटताच मी त्याच्याबरोबर निघालो.