धुरके आणि शौकिनांची मोटार

१९४३ सालच्या जुलै महिन्याच्या २६ तारखेला अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर एक विलक्षण संकट उतरले. महायुद्ध ऐन भरात होते; महासागराच्या पलीकडे जपान उभा होता. अशा वेळी भरदिवसा शहरावर करडा पडदा पसरला, माणसांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसे चुरचुरू लागले आणि दोन-तीन गल्ल्यांपलीकडचे दिसेनासे झाले. शत्रूने विषारी वायू सोडला असावा, असे पुष्कळांना वाटले. मग संशय शहरातल्याच कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनविणाऱ्या एका कारखान्यावर गेला. लोकांच्या आग्रहाने तो काही काळ बंद ठेवण्यात आला. पण धुरके काही हटले नाही. कारखाना बंद आणि डोळे मात्र चुरचुरत आहेत, हे पाहून शहाणी माणसे बुचकळ्यात पडली.

खरा अपराधी सापडला तो एका अननसाच्या अभ्यासकाला. एरी हागन-स्मिट हा हॉलंडमध्ये जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातील एका प्रख्यात तंत्रविद्या संस्थेत फळांच्या स्वादाचे पृथक्करण करीत असे. अननसाचा सुगंध ज्या युक्तीने गोठवून पकडायचा, त्याच युक्तीने त्याने शहराची हवा पकडली. १९५० च्या आगेमागे त्याने दाखवून दिले की, मोटारींच्या नळीतून आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांतून निसटणारी न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले, म्हणजे ओझोन तयार होतो. ज्या उन्हाची त्या प्रांताने जगभर जाहिरात केली, तेच ऊन या विषाचे चुलाण होते! हवेत ओझोन किती आहे हे मोजण्यासाठी रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या हवेत ठेवीत. ओझोन जितका अधिक, तितक्या लवकर त्या पट्ट्यांना भेगा पडत. मोटारींच्या टायरांना त्या शहरात इतक्या लवकर चिरा का जातात, याचेही उत्तर त्यातच मिळाले. मोटार आपल्याच धुराने आपलेच पाय झिजवीत होती म्हणायची.

तेल कंपन्यांनी आणि मोटार कारखानदारांनी हे निष्कर्ष सहजासहजी मान्य केले नाहीत. परसातल्या कचरा जाळण्याच्या भट्ट्या १९५७ साली बंद झाल्या, तरी धुरके राहिले, तेव्हा वादाला जागा उरली नाही. पुढची पावले भराभर पडली. इंजिनाच्या तळातून हवेत सुटणारी वाफ पुन्हा इंजिनातच ओढून घेणारी झडप आली. १९६६ च्या नव्या मोटारींपासून कॅलिफोर्नियाने नळीतून निघणाऱ्या वायूंना मर्यादा घातली. १९६८ पासून तशी मर्यादा साऱ्या देशाला लागू झाली. १९६७ साली प्रांताचे हवा-संपदा मंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद त्याच हागन-स्मिट यांच्याकडे आले. मग १९७० चा शुद्ध हवेचा कायदा आला, आणि नव्या मोटारींतील घातक वायू काही वर्षांत नव्वद टक्क्यांनी घटविण्याची आज्ञा झाली.

या आज्ञेचे ओझे डेट्रॉइटच्या अजस्र कारखान्यांवर पडले हे सर्वांना ठाऊक आहे. पण इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन या लहानशा गावी जी मोटार बनत होती तिच्यावर ते कसे पडले, ही हकिगत अधिक मनोरंजक आहे. एम. जी. बी. या नावाची ती दोन आसनांची उघडी मोटार १९६२ साली बाजारात आली. इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचे, साध्या घडणीचे, त्याला एस. यू. जातीचे दोन कार्ब्युरेटर. शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती. किंमत बेताची आणि डौल मोठा. युद्धात इंग्लंडला जाऊन आलेल्या अमेरिकन शिपायांनी अशा छोट्या गाड्यांची गोडी आधीच घरी नेली होती. त्यामुळे एम. जी. बी. चे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका, आणि अमेरिकेतही डोंगर, समुद्र आणि उन्हाचा कॅलिफोर्निया हे तिचे खरे सासर ठरले.

सासरचे नियम कडक निघाले. १९६८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनावर एक हवेचा पंप बसला. जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ताजी हवा फुंकून उरलेसुरले इंधन नळीतच जाळावे, हा त्याचा हेतू. त्याच वर्षी अपघाती धक्क्यापासून माणसाचे रक्षण व्हावे म्हणून चालकासमोरच्या फळीवर जाड गादी आली. तिला रसिकांनी अ‍ॅबिंग्डनची उशी असे नाव ठेवले. मग टाकीतल्या पेट्रोलची वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा आला. १९७४ च्या अखेरीस पुढे-मागे काळ्या रबरी बंपरांचे अवजड जबडे आले आणि दिव्यांची उंची नियमात बसावी म्हणून गाडी दीड इंच उचलण्यात आली. १९७५ सालापासून अमेरिकन गाड्यांतून ती प्रिय एस. यू. जोडी गेली, तिच्या जागी झेनिथ-स्ट्रॉमबर्गचा एकच कार्ब्युरेटर आला, आणि कॅलिफोर्नियासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हे यंत्र म्हणजे मौल्यवान धातूंचा मुलामा दिलेली जाळी. तापली की धुरातील वायूंचे रूपांतर ती निरुपद्रवी वायूंत करते. मात्र शिशाचा अंश असलेले पेट्रोल तिला चालत नाही. या साऱ्या उपायांनी अश्वशक्ती घसरत घसरत साठीच्या थोडी वर येऊन ठेपली. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची एम. जी. बी. बाहेर पडली आणि अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याचे दार बंद झाले. आजवर अनेक रसिक तिच्या मरणाचा दोष धुरक्याच्या कायद्यावर टाकतात. तो पुरता न्याय्य नाही. त्या काळी पौंडाचा भाव डॉलरच्या मानाने वधारला होता, मूळ आराखडा अठरा वर्षांचा जुना होता आणि मालक कंपनीने नव्या आराखड्यावर पैसा घातला नव्हता.

गाड्या बनणे थांबले तरी गाड्या उरल्या, आणि इथूनच खरी कथा सुरू होते. १९८४ साली कॅलिफोर्नियाने दर दोन वर्षांनी मोटारीच्या धुराची तपासणी सक्तीची केली. तपासणीत गाडी उतरली नाही तर नोंदणीचे नूतनीकरण नाही, आणि नोंदणी नसेल तर रस्ता नाही. १९९७ च्या कायद्याने जुन्या गाड्यांच्या मालकांना दिलासा दिला: १९७३ पर्यंतच्या गाड्या तत्काळ मोकळ्या झाल्या, आणि २००३ पासून ज्या गाडीला तीस वर्षे पुरी होतील ती आपोआप सुटावी असे ठरले. म्हणजे सूट दरवर्षी एक पाऊल पुढे सरकणार होती. १९७६ ची गाडी २००६ साली सुटली असती. मालक वर्षे मोजीत बसले.

परंतु २००४ साली विधिमंडळाने ती सरकती रेघ जागच्या जागी खिळवून टाकली. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना सूट. १९७६ आणि नंतरच्या गाड्यांना तपासणी, आणि तीही कायमची. या निर्णयाचे चमत्कारिक फळ एम. जी. बी. च्या वाट्याला आले. १९७५ ची आणि १९७६ ची अशा दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या, तर दोघींचे बंपर रबरीच, दोघींचा कार्ब्युरेटर एकच, इंजिन एकच. पहिलीच्या मालकाने सारी शुद्धीकरणाची यंत्रे काढून भंगारात दिली तरी तपासनीस तिच्याकडे पाहत नाही. दुसरीची एक रबरी नळी तुटली असली तरी ती नापास होते. साहजिकच बाजारात पहिलीला मान अधिक. बहिणीबहिणींत जन्मसालावरून असा भेद व्हावा, हे मालकांना टोचते. तपासणीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. आजची नवी मोटार सत्तरीच्या आधीच्या मोटारीपेक्षा सुमारे ९९ टक्के स्वच्छ असते. तेव्हा एक बिघडलेली जुनी गाडी अनेक नव्या गाड्यांची पुण्याई फुंकून टाकते. शौकिनाची गाडी वर्षातून थोडीच चालते हे खरे. पण सरकती सूट केवळ शौकिनांना नव्हती. रोज कामावर नेली जाणारी, धूर ओकणारी जुनी गाडीही तिच्या आडोशाने सुटली असती. कायद्याला गाडीचे वय दिसते, मालकाचे प्रेम दिसत नाही.

ही तपासणी होते तरी कशी? प्रथम डोळ्यांची परीक्षा. बॉनेटखाली कारखान्याने चिकटविलेल्या पत्रिकेवर गाडीला कोणकोणती यंत्रे हवीत हे लिहिलेले असते. त्यांतील पंप, डबा, झडप, नळी, एकूणएक वस्तू जागेवर असली पाहिजे. इथेच बहुतेकांची पहिली फसगत होते. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मालकाने शक्ती वाढावी म्हणून स्ट्रॉमबर्ग फेकून दुसरा कार्ब्युरेटर बसविलेला असतो, पंप काढून भोके बुजविलेली असतात. बदललेल्या भागाला हवा-संपदा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल, तर धूर अत्तरासारखा असला तरी गाडी नापास! मग इंटरनेटवर आणि भंगाराच्या आवारात त्या फेकलेल्या पंपाची शोधाशोध सुरू होते.

डोळ्यांची परीक्षा संपली की धुराची. दाट वस्तीच्या भागात गाडी रुळांवर चढवून, चाकांवर भार देऊन, ताशी १५ आणि २५ मैल वेगाने पळवतात आणि नळीत सळई घालून तीन वायू मोजतात: हायड्रोकार्बने, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे. या तिघांचे आपसांत वैर आहे, हीच जुन्या कारागिराची परीक्षा. मिश्रणात पेट्रोल जास्त झाले तर मोनॉक्साइड चढतो. ते कमी करावे तर ज्वलन तापते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. आणखी कमी करावे तर ठिणगी चुकू लागते, न जळलेले पेट्रोल नळीत येते आणि हायड्रोकार्बने उसळतात. आजच्या गाडीत हा तोल एक संगणक दर क्षणाला सांभाळतो, एम. जी. बी. मध्ये तो एका सुईने, एका रबरी पडद्याने आणि कारागिराच्या कानाने सांभाळायचा असतो.

म्हणून जाणता मेकॅनिक कार्ब्युरेटरला शेवटी हात लावतो. आधी सिलिंडरांचा दाब, मग टॅपेटची फट, प्लग, पॉइंट, ठिणगीचे टायमिंग. मग हवा कुठून चोरून आत शिरते काय याचा शोध. मग तो पातळ पडदा फाटला आहे का, आणि पाण्याच्या उष्णतेवर चालणारा आपोआप चोक अडकून राहतो का. हा चोक या गाडीचा जुना खोडकर भाग. तो अर्धवट अडकला की मोनॉक्साइड आकाशाला भिडतो. पेट्रोल मिसळून पातळ झालेले जुने ऑइलही घात करते, कारण त्याची वाफ झडपेतून पुन्हा इंजिनातच येते. तेव्हा परीक्षेआधी ऑइल नवे, टाकीत पेट्रोल ताजे, आणि वीस मिनिटांची चांगली फेरी. कन्व्हर्टरची जाळी तापली नाही तर ती नुसते धातूचे वजन. तपासणी केंद्राबाहेर रांगेत गाडी थंड होत राहिली, म्हणजे घरी उत्तम आलेले आकडे तिथे बिघडतात, आणि मालक बिचारा यंत्रालाच दोष देतो.

कायद्याने एक-दोन खिडक्याही ठेवल्या आहेत. हवा असलेला भाग जगात कुठेच मिळत नाही असे सिद्ध झाले, तर तपासणीचा सरकारी पंच त्या भागापुरती सवलत देऊ शकतो. पस्तीस वर्षांहून जुन्या आणि संग्राहकाची गाडी म्हणून विमा उतरविलेल्या मोटारीला यंत्रांच्या यादीची परीक्षा माफ आहे. पण तिने आपल्या सालच्या धुराच्या मर्यादेत बसलेच पाहिजे, टाकीचे झाकण घट्ट असलेच पाहिजे आणि पेट्रोल गळता कामा नये. ही तरतूद फार शहाणपणाची वाटते; कारण तिच्यात साधनांपेक्षा परिणामाकडे पाहिले आहे. अशा गाड्यांना पूर्ण सूट देणारे विधेयक २०२५ साली आले. टेलिव्हिजनवरील विख्यात विनोदवीर आणि मोटारींचा संग्राहक जे लेनो याने त्याची बाजू मांडली; तरी ऑगस्टमध्ये विधानसभेच्या खर्च-समितीतच ते अडले.

भारताने वेगळी वाट धरली. १९३५ साली इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी लंडनच्या गर्नी नटिंगने ड्यूसेनबर्ग गाडीवर देह चढविला, त्या जातीच्या मोटारी या देशाला नव्या नाहीत. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी आणि क्रमांकात व्ही. ए. ही अक्षरे दिली. मात्र त्या रोजच्या वापरासाठी नव्हेत. प्रदर्शन, मोटारफेरी, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायच्या. कॅलिफोर्निया धूर मोजून रस्ता मोकळा ठेवतो. भारताने रस्ताच मोजून दिला.

तिकडे १९७६ च्या गाडीचा मालक मात्र दर दोन वर्षांनी पंपाचा पट्टा ताणतो, प्लग पुसतो, डोंगराच्या बाजूने एक फेरी मारून इंजिन तापवतो आणि केंद्राच्या दारात ते बंद न करता उभा राहतो. तपासनीस सळई नळीत घालतो. रूळ फिरू लागतात, कागदावर तीन आकडे उमटतात, आणि ते मर्यादेच्या आत असले तर ती छोटी गाडी आणखी दोन वर्षांसाठी रस्त्यावर परत जाते.