दस्ता कुणाच्या मापाचा?

खुरप्याची मूठ हातात नीट बसली नाही, तर तळव्याला फोड येतात. बंदुकीच्या दस्त्याचंही तसंच.

26 सप्टेंबर 1874. न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिकेचे नेमबाज समोरासमोर आले. निशाण 800, 900 आणि 1000 यार्डांवर. बंदुकीला वेगळा टेकू द्यायचा नाही. म्हणून त्या काळचे काही नेमबाज चक्क उताणे झोपत, पाय निशाणाकडे करत आणि नळी पायांवर टेकवत. अशा वेळी डोळा मागे जातो. मग नेम धरायची पट्टीही मागे सरकवून अक्रोडाच्या दस्त्याच्या टोकाशी बसवली गेली. माणूस जसा झोपला, तसा दस्ता बदलला. अमेरिका जिंकली, 934 विरुद्ध 931. फरक फक्त तीन गुणांचा!

पण ही सगळी मापं पुरुषांची. 1860 मध्ये विम्बल्डनला पहिला बार राणी व्हिक्टोरियाने काढला, तोही घोडीवर बसवलेल्या रायफलची दोरी ओढून. पुढे 1930 मध्ये बिस्ली इथे मार्जरी फॉस्टर यांनी पुरुषांना हरवून राजाचं बक्षीस जिंकलं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

तेव्हा विळा असो की शिलाई यंत्र, आपल्या मापाचं मागा. तो हट्ट नव्हे, हक्क आहे.